डचमधलं क्रियापद नक्की बसतं कुठे? वाचकांच्या शंका

डच शिकताना कुठे अडता ते कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी क्रियापदाचीच निघाली. उच्चारांबद्दल कोणी फारसं विचारलं नाही याचं नवल वाटलं, पण असू दे. डच शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, त्यामुळे उच्चार जवळपासचा समजा. ख दिसला की घसा खरवडायचा, आणि 'खा' दिसलं म्हणून जेवायला बसू नका, 'इक खा' म्हणजे 'मी जातो'.

कंपनी मला आइंडहोवनला पाठवतीये म्हणून ऑनलाइन क्लास लावलाय. 'उद्या मी ट्रेनने उत्रेख्तला जातोय' हे मी 'मॉरखन इक खा मेत द त्रैन नार उत्रेख्त' असं लिहिलं तर सरांनी लाल रेघ मारली. इंग्लिशमध्ये तर उद्या नंतर मी आणि मग क्रियापद असंच येतं ना? मग इथे काय चुकलं?
– एक वाचक, वाकड

चुकलं एवढंच की तुम्ही मराठी माणूस असून डचला इंग्लिशच्या दारातून शिरताय. बरोबर वाक्य असं: 'मॉरखन खा इक मेत द त्रैन नार उत्रेख्त'. साध्या विधानात, चालवलेलं क्रियापद, म्हणजे ज्याला कर्त्याप्रमाणे प्रत्यय लागलाय ते, दुसऱ्या जागेवर येतं. दुसऱ्या शब्दावर नाही हं, दुसऱ्या जागेवर. पहिल्या जागेत एकच गोष्ट बसते पण ती कितीही लांब असू शकते, 'पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी' हे सगळं मिळून एकच जागा. त्यानंतर लगेच क्रियापद, आणि कर्ता पहिल्या जागेवर बसला नसेल तर बिचारा क्रियापदाच्या मागे उभा राहतो. तुमच्या वाक्यात 'मॉरखन'ने पहिली जागा घेतली, 'इक'ने दुसरी, आणि क्रियापद गेलं तिसरीवर, म्हणून लाल रेघ.

इथपर्यंत कुठलंही पुस्तक सांगेल. पण मी माझ्या क्लासमध्ये याच्या आधी वेगळंच सांगते, आणि ते ऐकून इंग्लिश मीडियमची मुलं जरा हिरमुसतात. डचमध्ये क्रियापदाचं खरं घर वाक्याच्या शेवटीच आहे, आपल्यासारखं. विश्वास बसत नसेल तर एकाच्या जागी दोन क्रियापदं घालून बघा: 'इक विल मॉरखन मेत द त्रैन नार उत्रेख्त खान', मला उद्या ट्रेनने उत्रेख्तला जायचंय. 'विल' म्हणजे इच्छा दाखवणारं क्रियापद, ते दुसऱ्या जागेवर गेलंय, ते झाकून बाकीचं वाक्य वाचा. मी, उद्या, ट्रेनने, उत्रेख्तला, जाणे. अगदी मराठी क्रम! आधी कधी, मग कसं, मग कुठे, आणि शेवटी क्रियापद. हेच इंग्लिशमध्ये म्हणायचं तर नेमकं उलटं करावं लागतं, आधी जाणे, मग कुठे, मग कशाने आणि उद्या सगळ्यात शेवटी. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने 1975 सालीच मांडलं होतं की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद अशा क्रमाची भाषा आहे आणि मुख्य वाक्यात फक्त चालवलेलं क्रियापद पुढे सरकतं. यावर अभ्यासकांचे वाद होत राहिलेत, पण आपल्याला शिकायला ही मांडणी इतकी सोयीची आहे की मी ती सोडणार नाही.

तर सराव असा करा, वाक्य मराठी क्रमाने मनात जुळवा, क्रियापद शेवटी राहू द्या, आणि मग त्यातलं चालवलेलं एकच उचलून दुसऱ्या जागेवर ठेवा. बाकीची, म्हणजे मूळ रूप, पार्टिसिपल ('वाचलंय'मधलं 'वाचलं' असतं तसं) वगैरे, तिथेच शेवटी राहतात. कधी-कसं-कुठे हा क्रम काही दगडावरची रेघ नाही, जोर द्यायचा असेल तर बदलतो, पण सुरुवातीला तोच धरा. आणि हो-नाही प्रश्नात क्रियापद अगदी पहिलं येतं, 'खा यै मॉरखन?', तू उद्या जातोयस का? आपण 'का' शेवटी लावतो, ते क्रियापदच पुढे करतात.

अजून एक गंमत इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचं पत्र येईल. 'पाऊस पडला तर मी घरी राहतो' याचं डच 'आल्स हेत रेखन्त, ब्लैफ इक ताउस'. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतात. पण आख्खं 'पाऊस पडला तर' हीच पहिली जागा आहे, मग दुसऱ्या जागेवर क्रियापद आलंच पाहिजे की!

मी पुण्यात जर्मन बी वनपर्यंत केलंय, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे हेगला जाणार आहोत. सगळे म्हणतात जर्मन येतंय म्हणजे डच सोपं जाईल, पण 'कारण' आलं की माझी वाक्यं चुकतात. शिवाय एकाच पुस्तकात एकच गोष्ट दोन क्रमांनी लिहिलेली दिसते. हे काय आहे?
– एक वाचिका, औंध

जर्मनवाल्यांचं पुण्यात एक वेगळंच आहे, त्यांना वाटतं डच म्हणजे व्याकरण काढून टाकलेलं जर्मन. विभक्ती बऱ्याचशा गळल्या आहेत आणि तीन आर्टिकलच्या जागी 'द' आणि 'हेत' दोनच उरलीत हे खरं, त्यामुळे तुमचं अर्धं ओझं कमी झालं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं हेही दोन्हीकडे सारखं. 'ऑमदात' म्हणजे तुमचं 'वाइल', आणि 'वांत' म्हणजे 'देन'. दोन्हींचा अर्थ 'कारण'च, पण 'वांत'नंतर वाक्य मुख्य वाक्यासारखंच चालतं, 'वांत इक बेन झीक', कारण मी आजारी आहे, आणि 'ऑमदात' लागलं की क्रियापद परत आपल्या घरी, 'ऑमदात इक झीक बेन'. वर सांगितलेली युक्ती इथेही धरा. 'की', 'कारण', 'जर', 'जेव्हा' असं काही जोडणारं आलं की दुसऱ्या जागेवर जाण्याची परवानगी रद्द.

घोटाळा होतो तो शेवटी दोन क्रियापदं जमली की. 'कारण मला ते पुस्तक वाचायचंय' हे जर्मनमध्ये '... दास बूख लेझन विल', म्हणजे वाचणे आधी आणि इच्छा नंतर, आपल्या 'वाचू इच्छितो'सारखं. डचमध्ये 'ऑमदात इक हेत बुक विल लेझन'. चालवलेलं क्रियापद रांगेत पुढे. तीन जमली तरी तेच, 'ऑमदात इक हेत बुक झाउ विलन लेझन', कारण मला ते पुस्तक वाचायला आवडेल. जर्मनची सवय इथे मोडावी लागते आणि ती लवकर मोडत नाही, हे आधीच सांगते.

आता तुमच्या पुस्तकातले दोन क्रम. ते पार्टिसिपलचं प्रकरण आहे. 'कारण मी ते पुस्तक वाचलंय' हे 'ऑमदात इक हेत बुक खलेझन हेप' असंही चालतं आणि 'हेप खलेझन' असंही. पहिल्याला डच लोक हिरवा क्रम म्हणतात आणि दुसऱ्याला लाल क्रम, बोलींच्या नकाशावर जे रंग वापरले होते त्यावरून ही नावं पडली. दोन्ही शुद्ध. लेखी मजकुरात लाल जरा जास्त दिसतो, बोलण्यात हिरवा भरपूर. तुम्हाला जर्मनमुळे हिरवा आपोआप येईल, मराठीमुळेही येईल, कारण 'वाचलं आहे' हाच तो क्रम, तर तोच वापरा आणि कोणी लाल करून दिला तर वाद घालू नका.

माझी नात डेल्फ्टला शाळेत जाते, तिच्याशी बोलता यावं म्हणून मी ॲपवरून शिकतीये. मी 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणताना 'इस' वापरलं तर ती हसते आणि म्हणते आज्जी, पुस्तक झोपलंय म्हण! बाटली उभी आहे म्हण! हे खरंच असं आहे का ती माझी फिरकी घेतीये?
– एक आजी, सिंहगड रोड

आजी, नात बरोबर आहे. आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे उत्तर लांबणार.

कुठलीही वस्तू कुठे आहे हे सांगताना डच माणूस नुसतं 'आहे' क्वचित म्हणतो, ती कशी आहे तेही सांगतो. उभी असेल तर 'स्तात', आडवी पडलेली असेल तर 'लिख्त', कशाच्या तरी आत असेल तर 'झित' म्हणजे बसलेली, आणि टांगलेली असेल तर 'हांग्त'. म्हणून 'द फ्लेस स्तात ऑप ताफल', बाटली टेबलावर उभी आहे, 'हेत बुक लिख्त ऑप ताफल', आणि किल्ली खिशात 'बसलेली'. चहात साखर आहे का, तर साखर चहात बसते. गंमत म्हणजे ताटली चपटी असली तरी टेबलावर 'उभी' असते, कारण तिला बूड आहे आणि ती आपल्या नीट बाजूवर ठेवलीये. बूटही उभे. शहर मात्र आडवं, डेल्फ्ट हेग आणि रॉटरडॅमच्या मधे 'पडलंय'. आणि पेपरात जी बातमी येते ती पेपरात 'उभी' असते. लिहिलेलं सगळं उभंच असतं तिकडे.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको खरं तर, आपणही 'पाकीट तिथे पडलंय बघ', 'गाडी बाहेर उभी आहे' म्हणतोच, फक्त आपण कधीकधी म्हणतो आणि ते कायम.

पण खरी मजा पुढे आहे. हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला जोडून 'करत असणं' दाखवतात, आणि ते इतकं मराठी आहे की इंग्लिशमधून शिकणाऱ्याला जे पान पान समजवावं लागतं ते तुम्हाला एका ओळीत कळेल. 'इक झित त लेझन', मी वाचत बसलीये. 'इक स्ता त प्रातन', मी बोलत उभी आहे. 'है लिख्त त स्लापन', तो झोपलाय पडून. आपल्या 'बसणे'मध्ये जो वैतागाचा सूर असतो ना, 'काय मोबाइल बघत बसलायस!', तोसुद्धा तिथे आहे. 'झित नीत झो त झेउरन!' म्हणजे अशी कटकट करत बसू नकोस! हे नातीला एकदा म्हणून बघा, हसायची ती आता तुमच्यावर नाही हसणार.

एकच खाचखळगा. हे भूतकाळात नेलं की मधला 'त' गळतो आणि पार्टिसिपल येतच नाही, दोन्ही मूळ रूपातच राहतात, 'इक हेप झितन लेझन', मी वाचत बसले होते. का असं होतं ते नातीलाही सांगता येणार नाही, तिच्या कानाला ते बरोबर वाटतं बस. आणि उभं, बसलेलं काहीच सांगायचं नसेल, नुसतं काम चालू आहे एवढंच, तर 'इक बेन आन हेत लेझन' म्हणा.

'हेबन' (इंग्लिशचं हॅव) लावायचं की 'झैन' (असणे)? पास्टमध्ये मी प्रत्येक वेळी अंदाजे ठोकतो आणि अर्ध्या वेळा चुकतो.
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

अंदाज करायची गरज नाही, घरातच उत्तर आहे. मराठीत 'त्याने पुस्तक वाचलं' पण 'तो गेला'. कुठे 'ने' लागतो, कुठे नाही. हेच वाक्य डचमध्ये न्या, 'है हेफ्त अन बुक खलेझन', 'है इस नार हाउस खखान'. 'हेफ्त' हे 'हेबन'चं रूप, 'इस' हे 'झैन'चं. जिथे 'ने' तिथे 'हेबन', हे जवळजवळ नेहमी जुळतं. फक्त चाचणी 'मी' घेऊन करू नका, 'मी वाचलं' आणि 'मी गेलो' यात 'मी' तसाच राहतो आणि 'ने' दिसत नाही, म्हणून 'तो' घ्या.

उलट बाजू मात्र तितकी सरळ नाही. 'ने' नाही म्हणजे 'झैन'च, असं नाही. तो झोपला, तो हसला, तो रडला, यांना 'ने' नाही पण डचमध्ये तिन्हींना 'हेबन', 'है हेफ्त खस्लापन'. तर 'ने' नसेल तेव्हा दुसरा प्रश्न विचारायचा, माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचला का, किंवा त्याची अवस्था बदलली का? आला, गेला, पडला, मेला, मोठा झाला, उठला, सगळी 'झैन'. झोपून, हसून कुठेच पोचला नाही, म्हणून 'हेबन'. चालण्याचं तर दोन्हीकडे, दिवसभर चालला असेल तर 'हेफ्त खलोपन', चालत घरी गेला तर 'इस नार हाउस खलोपन'. 'ब्लैवन' म्हणजे राहणे आणि खुद्द 'झैन' म्हणजे असणे, ही दोन्ही काहीच न बदलता 'झैन' घेतात, ती पाठ करा.

दोन-तीन टपोरे अपवाद. 'त्याने सुरुवात केली' यात 'ने' आहे पण डच म्हणतो 'है इस बखॉनन', इथे जर्मनवालेही आपटतात कारण त्यांच्याकडे 'हाबन' आहे. 'तो शिकला' याला मराठीत 'ने' नाही, डचमध्ये 'हेबन'. आणि 'तो माझं नाव विसरला' मध्ये कर्म असूनही आपण 'ने' लावत नाही ना, तर डच लोकही तिथे 'झैन' घेतात, 'है इस मैन नाम फरखेतन'! आठवण्यातून गेलं तर 'झैन', वस्तू घरी विसरून आला तर मात्र 'हेबन' हे जास्त रूढ.

अजून एक, काल-परवाच्या घटनेलाही बोलताना हेच रूप बिनधास्त वापरा. 'खिस्तरन हेप इक राइस्त खखेतन', काल मी भात खाल्ला. काल म्हटलं की हॅव लावायचं नाही हा शाळेतल्या इंग्लिशच्या बाईंचा नियम इथे लागू नाही.

साध्या भूतकाळात शेवटी 'तऽ' लावायचं की 'दऽ' यासाठी क्लासमध्ये 'त कॉफस्खिप' असा एक शब्द पाठ करायला सांगितलाय. तो आठवतो पण त्यातली कुठली अक्षरं धरायची ते परीक्षेत विसरतो.
– एक विद्यार्थिनी, विमाननगर

कॉफस्खिप हे जुन्या काळचं एक डच जहाज, त्या शब्दातली व्यंजनं धरायची: त, क, फ, स, ख, प. क्रियापदाचा 'अन' काढल्यावर मागे यातलं काही उरलं तर 'तऽ', नाहीतर 'दऽ'. 'वेर्कन' म्हणजे काम करणे, मागे क, म्हणून 'वेर्क्तऽ'. 'वोनन' म्हणजे राहणे, मागे न, म्हणून 'वोन्दऽ'.

पण ही सहा अक्षरं नीट बघा, आठवीतल्या संधीच्या धड्यातली कठोर व्यंजनंच आहेत ना! मग जहाज कशाला हवं, कठोर असेल तर कठोर त, मृदू असेल तर मृदू द, संपलं. आपल्या विपत्काल मध्ये पुढचा क मागच्या द ला त करतो, इथे मागचं व्यंजन पुढच्याला आपल्यासारखं करतं एवढाच फरक. सापळा 'लेवन' आणि 'रैझन'सारख्यांचा, जगणे आणि प्रवास करणे, त्यांचा धातू लिहिताना फ आणि स दिसतो, पण मूळ रूपात व आणि झ आहे, दोन्ही मृदू, म्हणून 'दऽ'. आणि 'लेझन-लास', 'लोपन-लीप', 'खान-खिंग' यांना हा नियमच नाही, ती घोकायची.

'यै वेर्क्त' पण 'वेर्क यै?' हा त कुठे गेला?
– एक वाचक, चिंचवड

'यै' किंवा 'य' म्हणजे 'तू' क्रियापदाच्या मागे गेला की त गळतो. 'है' मागे गेला तर गळत नाही, आदरार्थी 'उ' मागे गेला तरी गळत नाही. फक्त 'वेर्क्त य फादर इन पुणे?' मध्ये त राहतो, कारण तिथे 'य' म्हणजे 'तुझे', कर्ता वडील आहेत.

टीमच्या कॉलवर डच सहकारी 'इक बेल य मॉरखन' म्हणाला, मला वाटलं उद्या फोन करेल, मी वाट बघत बसलो. नंतर कळलं वाक्याच्या शेवटी अजून काहीतरी होतं.
– एक वाचक, बाणेर

शेवटी 'आफ' असणार. 'ऑपबेलन' म्हणजे फोन करणे, 'तेरुखबेलन' उलट फोन करणे, 'आफबेलन' फोन करून रद्द करणे, आणि क्रियापद दुसऱ्या जागेवर गेलं की पुढचा तुकडा मागे शेवटीच राहतो. 'इक बेल य मॉरखन ऑप'. गौण वाक्यात दोघं परत एकत्र, 'ऑमदात इक य मॉरखन ऑपबेल'. पार्टिसिपलचा 'ख' मधे घुसतो, 'ऑपखबेल्त'. तोडायचं की नाही ते आघातावर, तुकड्यावर जोर असेल तर तुटतं. 'फोरकोमन' फोरवर जोर दिला तर आढळणे, तुटतं, 'को'वर दिला तर टाळणे, तुटत नाही. आपल्याला 'मी येत' ऐकून 'आहे की नाहीये' यासाठी शेवटपर्यंत थांबायची सवय आहेच, तीच कॉलवर लावा.

'नीत' कुठे ठेवायचं? माझ्या वाक्यात तो कुठेही जाऊन बसतो.
– एक वाचिका, सदाशिव पेठ

क्रियापद मनात परत शेवटी ठेवा आणि 'नीत' त्याच्या अलीकडे ठेवा. 'ऑमदात इक हेम नीत केन', कारण मी त्याला ओळखत नाही. आता 'केन' उचलून पुढे नेलं की उरतं 'इक केन हेम नीत', नकार शेवटी, अगदी मराठीसारखा. दोन क्रियापदं असतील तर मागे राहिलेल्याच्या अलीकडे, 'इक कान मॉरखन नीत कोमन'. क्रियापदाला घट्ट चिकटलेलं काही असेल, म्हणजे ठिकाण किंवा विशेषण, तर त्याच्याही अलीकडे, 'इक वोन नीत इन पुणे', 'है इस नीत झीक'. आणि 'एखादं' किंवा काहीच न लावलेलं नाम असेल तर 'नीत' नाहीच, तिथे 'खेन': माझ्याकडे सायकल नाही, 'इक हेप खेन फीत्स', जे नेदरलँड्समध्ये फार दिवस म्हणावं लागणार नाही.